निर्वातातले गहू

खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीतच गोठतं. उन्हात ठेवलं की सुटतं.

*

दारावरची पाटी : आत येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या, गळ्यातलं, केसांतलं काढून ठेवावे. खाली खडूनं, दुसऱ्या अक्षरात : मंगळसूत्र सोडून.

*

मस्तगड. कापडाचं दुकान.
"खण कुनाला द्यायचाय, ताई?"
"हाय आमच्यातली एक."
"लेकुरवाळी का पैलटकरीण?"
"पैलटकरीण."
"मंग हिरवाच घ्या. जरीचा."

*

रोलिंग मिलकडून वारा आला की खिडकीच्या कठड्यावर तांबूस भुकटी बसते. तिच्यावरून चुंबक फिरवलं की चुंबकाला मिशा फुटतात.

*

अठरा म्हणजे पाणी. अठ्ठावीस म्हणजे हवा. चौदा म्हणजे नायट्रोजन. चार म्हणजे हीलियम. त्रेचाळीस, पंचावन्न, सत्तावन्न म्हणजे तेल, तूप, माणूस.

*

"निवे, दिवाळीला परतूरला येनार हाईस का न्हाई? का त्या भगुन्यापाशीच बसून राहनार?"

*

भगुनं हा आईचा शब्द, आणि तो बराबर आहे. घागर घेताना डोक्यावर ठेवतात ती चुंबळ डोळ्यांसमोर आणा. ती स्टेनलेस स्टीलची करा, आतून पोकळ, आणि एवढी मोठी की पोकळीत एक बारीक माणूस कुशीवर पडून सरकू शकेल. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. भोवती तांब्याची वेटोळी. अख्ख्या यंत्राचं नाव टोकामाक. चेंबरमधली सगळी हवा काढायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, वेटोळ्यांत वीज सोडायची. हायड्रोजन तापत जातो, अणूंचे तुकडे होतात, गुलाबी उजेड पडतो. तो प्लाझ्मा. लाखो अंश तापलेला, आणि चुंबकांनी मधोमध अधांतरी धरलेला. सूर्यातही असाच असतो, पण सूर्याला भिंत नाही. आमच्याकडे आहे. ती भिंत सांभाळणं माझं काम.

आमची संस्था जालन्याबाहेर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. जुना जालन्यातल्या रिक्षावाल्याला प्लाझ्माच्या ऑफिसला चल म्हटलं तर तो रक्तपेढीपाशी उतरवतो. मी सांगणं सोडून दिलंय. जुनी जिनिंग म्हणते.

जुनं चेंबर आम्ही नऊ वर्षं चालवलं. ते कशानं मेलं तेही सांगते. एकदा वीज गेली, झडप वेळेवर मिटली नाही, आणि पंपातलं तेल उलटं आत चढलं. उघडलं तेव्हा आत काळा, चिकट, डांबरासारखा थर. मी त्यात खांद्यापर्यंत हात घालून तो खरवडला. चार दिवस जेवताना तोच वास. भात कालवायला हात ताटात घातला की वाटायचं, हाच तो हात.

मग नवं चेंबर. मोठं, जास्त खिडक्यांचं, वेटोळीही नवी. आणि आतून, स्टीलवर, ग्रॅफाइटच्या फरशा, प्लाझ्मा चुकून भिंतीला टेकलाच तर झेलायला. चार वर्षं गेली. प्रत्येक फरशी मी आत कुशीवर पडून बसवली. ग्रॅफाइट स्पंजासारखं असतं, तेल पितं. प्यायलेलं तेल हळूहळू भाजून बरंचसं काढता येतं. पण त्या तेलावर एकदा जरी प्लाझ्मा पेटवला तर ते जळून सगळ्या फरशांवर, सगळ्या काचांवर बसतं, आणि मग फरशा फेकून द्याव्या लागतात. आमच्याकडे एकच संच होता. दुसरा मिळणार नव्हता. सगळी संस्था हे जाणत होती. मीच वर्ग घेऊन शिकवलं होतं.

१८

चेंबर बंद केलं दसऱ्याला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी नव्हते. आईचा डोळा दाखवायला गेल्ते. जाताना खालची एक नळी उघडी ठेवून गेले, परत आल्यावर शेवटचं एकदा आरसा घालून बघायचं म्हणून. ही नळी तशी आंधळी आहे. पुढं कधीतरी तिच्यातून एक उपकरण लोंबवायचं, तोवर नुसतं झाकण.

आले तर झाकण बसवलेलं. बोल्ट आवळलेले. चेंबरला झेंडूची माळ, प्रत्येक जोडावर हळदीकुंकवाची बोटं, आणि सगळ्यात मोठ्या खिडकीच्या काचेवर तेलकट कुंकवानं काढलेलं स्वस्तिक.

"कुणी बसवलं झाकण?"

"सरांनी सांगितलं, बसव," कचरू म्हणाला. कचरू आमचा फिटर. "मुहूर्त टळून राह्यला म्हनले."

"आत कुणी हात घातला?"

कचरूनं प्रियदर्शनीकडं बघितलं. प्रियदर्शनीकडं विजेचं खातं आहे, धक्का द्यायला वीज साठवून ठेवणारी कपाटं तिच्या हुकमात असतात. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. एकच डबा खातो.

"बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "बाहेरूनच पूजा केली. तू पन ना बाई, सोवळ्यातली म्हातारी झालीस."

मी अल्कोहोलच्या फडक्यानं कुंकू पुसत बसले. फडकं गुलाबी होत गेलं. कुणीतरी दाबून दाबून लावलं होतं, बोटाची रेघ न रेघ उमटली होती. मुकुंद सर आमचे संचालक. त्यांच्या अंगठ्यावर जुना काप आहे, तो काप स्वस्तिकाच्या मधोमध दिसत होता. परदेशातून निर्वातावर डॉक्टरेट घेऊन आलेला अंगठा.

पुसून झालं तेव्हा मला वाटलं, झालं.

पंप लावला. पहिल्यांदा पाणी निघतं, डोळ्यांना न दिसणारं, भिंतीला चिकटलेलं. चेंबरला एक विश्लेषक लावलेला असतो; आत उरलेला रेणू न रेणू तोलून तो पडद्यावर काड्या उभ्या करतो. अठरावर उंच काडी. ती रोज थोडी बुटकी व्हायला हवी.

पहिले काही दिवस झाली. मग थांबली.

४

आकडा खाली येत नसला की दोनच शक्यता. बाहेरून हवा शिरतेय, किंवा आत काहीतरी आहे जे संपत नाही. आत काही असणं शक्य नव्हतं. ते भगुनं मी जिभेनं चाटलं असतं एवढं साफ होतं. म्हणून हवा. बत्तीसवर ऑक्सिजनची काडी नव्हती, पण बारीक गळतीतला ऑक्सिजन नवं ग्रॅफाइटच पिऊन टाकत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

हवा कुठून शिरते ते हीलियमनं शोधतात. बारीक नळीनं एकेका जोडावर हीलियम फुंकायचा आणि आतला शोधक चारवर काडी दाखवतो का बघायचं. जोड शेकड्यांनी. वेटोळ्यांच्या मधे, हात जात नाही तिथंही. मी फुंकत गेले. प्रियदर्शनी पडद्यासमोर बसून ओरडायची, "काई न्हाई. पुढं." कचरू बोल्ट आवळायचा. दर सोमवारच्या बैठकीत मुकुंद सर चष्मा काढून पुसायचे.

"निवेदिता, तुझ्या एखाद्या जोडात गडबड आहे."

"शोधतेय, सर."

"शोध, शोध. घाईत बसवलं की होतं असं."

मी घाईत काहीच बसवलं नव्हतं. पण आकडा खाली येत नव्हता, त्यामुळं तोंड उघडायला जागा नव्हती. दिवाळी गेली. परतूरहून आईनं डबा पाठवला, तो आम्ही तिघांनी चेंबरला टेकून खाल्ला. प्रियदर्शनीनं माझ्या पाठीला झंडू लावून दिलं. "किती दुखतंय गं तुझं," म्हणाली. मला रडू आलं, तिच्या चांगुलपणामुळं.

हे वाक्य आज लिहितानाही तोंडात खवट चव येते. तरी तसंच राहू दे.

५७

समिती नोव्हेंबरच्या शेवटी येणार होती. दिल्लीची. नव्या चेंबरमध्ये प्लाझ्मा पेटलेला त्यांना दिसला तर प्रयोग चालू, नाही तर बंद, असं सर सांगत होते.

मी भाजणी लावली. चेंबरला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून दीडशे अंशांवर ठेवायचं, म्हणजे भिंतीत मुरलेलं सगळं सुटतं आणि पंप ते ओढून नेतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर सत्तावन्नची काडी उठली. मग पंचावन्न. मग त्रेचाळीस. जंगल उगवल्यासारखं. हवा तापवली तर असं होत नाही.

पंपाची नळी मागच्या भिंतीतून बाहेर काढलेली आहे. मी मागं गेले तर कचरू तिथं तंबाखू मळत उभा.

"कचरूभाऊ, इथं जवळपास कुणाकडं लगीन हाय का?"

"आत्ता कुठलं लगीन, म्याडम? तुळशीचं लागू द्या की आधी."

"खोबरं भाजल्याचा वास येऊन राह्यला."

त्याचा अंगठा तळहातावर थांबला.

मी नळीच्या तोंडाशी नाक नेलं. भाजलेलं खोबरं. त्याखाली करपलेली पोळी. त्याच्याही खाली, घशाला टोचणारं, जळकं नायलॉन. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून उपाशी होते. त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात घाण गोष्ट मला तीच वाटते : मला भूक लागली.

प्रियदर्शनी आतून आली होती.

"आत काय हाय?" मी विचारलं.

प्रियदर्शनी नाकाला रुमाल लावून उभी.

"प्रिया, आत काय हाय?"

"अगं, एवढं काई न्हाई."

"एवढं म्हंजी केवढं?"

"म्याडम," कचरू म्हणाला, तंबाखू तशीच मुठीत, "त्ये वटीचं आसंल."

"कुणाची ओटी?"

"चेंबरची."

मी हसले. खरंच हसले. मग दोघांचे चेहरे बघितले.

(सगळे बोलतायत)

"सरांच्या घरच्या, सरोजिनी वहिनींच्या मनात आल्तं."

"वहिनी म्हनल्या, पयल्या चेंबरचं वाटुळं का झालं? रिकाम्या पोटी लावलं म्हनून."

"लेक सासरी धाडताना रिकामी धाडतो का आपन, म्याडम?"

"कचरूभाऊ, तुमी गप बसा."

"मी तर गपच होतो इतके दिवस."

"सर नको म्हणले न्हाईत?"

"सर म्हणले, खालच्या नळीत ठेवा, खिडकीतून दिसायला नको."

"म्हंजी त्यांना माहीत होतं की दिसायला नको."

"निवे, असं वकिलासारखं नको ना बोलूस."

"काय काय हाय आत?"

"गहू. पाच मुठी."

"खोबऱ्याची वाटी. हळकुंडं. सुपारी."

"प्रिया, अजून काय?"

"खण. मीच आनला मस्तगडहून. लई हुडकला. जरीचा."

"मी तुला विचारलं होतं. समोर उभं राहून."

"मंग काय सांगू? तू लगेच उघडलं असतंस."

"मी तीन आठवडे हीलियम फुंकत होते. तू पडद्यापाशी बसून 'पुढं' म्हणत होतीस."

"मला वाटलं, निघून जाईल. गहू कोरडेच होते गं."

"पाठीला झंडू लावलास तू माझ्या."

"दुखत होती म्हनून लावलं!"

मुकुंद सरांचं केबिन

टेबलावर फराळाचं ताट, दिवाळी होऊन गेली तरी. सर चिवडा खात होते, शेंगदाणे वेगळे काढून. चेंबर उघड म्हणाले असते तर मी सगळं गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. मला फक्त ते भगुनं साफ हवं होतं.

"बस. कळलं मला. कचरू पोटात काही ठेवत नाही."

"चेंबर उघडायचं, सर. भाजणी बंद केली आहे. आज नायट्रोजन भरते, उद्या झाकण काढते, पुन्हा भाजायला दोन आठवडे लागतील."

"समिती सोमवारी आहे."

"समितीला खरं सांगू."

"काय सांगू? की जालन्याच्या लोकांनी टोकामाकची ओटी भरली?" ते हसले. दातात पोह्याचा तुकडा. "हे बघ. पाच मुठी गहू. तुझं एवढं मोठं चेंबर. एक शॉट मारू, लहानसा, दहा मिलिसेकंद. उजेड दिसला की झालं. मग उघड, धू, काय करायचं ते कर."

"शॉट मारल्यावर धुण्यासारखं काही उरत नाही. तेल ग्रॅफाइटमध्ये गेलंय, त्यावर प्लाझ्मा पेटला तर फरशा गेल्या. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतं ना."

"मग ओटी कशी भरू दिलीत?"

त्यांनी बोटं चाटली. एकेक करून. मग त्याच हातानं टेबलावरचा चेंबरचा नमुना उचलला, लाकडी, माझ्याच रेखाटनावरून बनवलेला, आणि फिरवत बसले. त्याच्यावर तेलाचे ठसे उठत होते.

"निवेदिता, मी नास्तिक माणूस आहे. पण तीस माणसं या यंत्रावर पोट भरतात. ती घाबरली होती. पहिलं चेंबर त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं. त्यांना धीर यावा म्हणून एक केलं. माझा विश्वास नाही त्याच्यावर."

श्रद्धाळू माणसानं हे केलं असतं तर मला राग आला असता, बस. विश्वास नसताना, कळत असताना, खालच्या नळीत दडवायला सांगून केलं होतं. मला खुर्चीवर बसवेना. खुर्चीच्या हातालाही तेलकट लागत होतं.

"शॉट नको, सर."

"सोमवारी. अकरा वाजता. आणि तो विश्लेषकाचा पडदा बंद ठेव, उगाच काड्या बघून चर्चा होते." ताट पुढं सरकवलं. "चिवडा घे. वहिनीनं केलाय."

१४

सोमवारी समितीचे लोक आले. अध्यक्षा एक निवृत्त शास्त्रज्ञ बाई होत्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. सरोजिनी वहिनींनी दारात औक्षण केलं. बाईंनी पाठ वाकवून करून घेतलं, कपाळावरचं कुंकू रुमालानं टिपलं आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

नियम असा आहे की शॉटआधी शेडमध्ये शेवटी मी जाते. झडपा बघते, बाहेर येते, दाराला कुलूप लावून किल्ली प्रियदर्शनीच्या पुढ्यातल्या खाचेत घालते. किल्ली बसल्याशिवाय कपाटांत वीज भरत नाही. तसंच, आतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की भरलेली वीज आपोआप उतरते. हा बंदोबस्त आम्ही दोघींनीच केला होता, जुन्या चेंबरनंतर.

मी आत गेले. यंत्र गार होतं. जवळ गेलं की अजून वास. पंप आणि चेंबरमधली मोठी झडप मिटवली. मग नायट्रोजनची बारीक झडप उघडली, पाव फेरा. सुई टोचल्यासारखा आवाज. कोरडा नायट्रोजन फरशांना अपाय करत नाही. चेंबर उघडायच्या आधी तो भरतातच. मी फक्त शॉटनंतर करायचं काम त्या सकाळी आधीच केलं.

बाहेर आले. कुलूप लावलं. किल्ली दिली.

प्रियदर्शनीनं किल्ली खाचेत घातली. भोंगा वाजला. कपाटं भरू लागली, त्यांची गुणगुण भिंतीतून येत होती. सर अध्यक्षा बाईंना नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर चेंबरची खिडकी दाखवत होते, "इथं गुलाबी दिसेल."

दाबाचा आकडा चढू लागला. सगळ्यात आधी तो प्रियदर्शनीनं बघितला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. आकडा चढतोय हे ओरडून सांगायचं तिचं काम होतं. ती ओरडली नाही; तोंड उघडं राहिलं नुसतं. मग खटकन आवाज झाला, आणि भरलेली सगळी वीज जमिनीत गेली. गुणगुण थांबली. शेडमध्ये कबुतरं फडफडली तेवढाच आवाज.

"काय झालं?" सर.

"दाब," प्रियदर्शनी म्हणाली.

"लीक," सर समितीला म्हणाले, क्षणाचाही वेळ न घेता. "आमच्या व्हॅक्यूमकडं थोडा प्रश्न आहे. निवेदिता बघतात ते."

अध्यक्षा बाई विश्लेषकाच्या बंद पडद्याकडं बघत होत्या. "लीक असेल तर बत्तीसवर ऑक्सिजन दिसला असता. विश्लेषक का बंद ठेवलाय?"

"दुरुस्तीला आहे, मॅडम."

"हं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. दाब कुणी चढवला एवढंच नाही, काहीतरी लपवलंय हेही कळलं, एवढं त्या बघण्यात होतं. आता विचारतील म्हणून मी सरसावून उभी राहिले. सांगणार होते सगळं, खणाच्या काठासकट.

त्यांनी घड्याळ बघितलं. "जेवण इथेच आहे की हॉटेलात?"

इथेच होतं. मांडे मागवले होते.

काय निघालं

ते जेवत असताना मी आणि कचरूनं झाकण काढलं. कचरूनं तोंडाला गमछा बांधला. मी बांधला नाही, मला पूर्ण वास घ्यायचा होता.

खण आधी आला. चिमट्यानं ओढला तर येत राहिला, येत राहिला, हिरव्याचा शेवाळी झालेला, काठावरची जर काळी पडून चुरा होणारी. त्याच्यासोबत तेलानं चिकटलेले गहू, गोळेच्या गोळे, तपकिरी, डिंकानं जोडल्यासारखे. हळकुंडं सुकून बोटांच्या हाडांसारखी. खोबऱ्याची वाटी आक्रसून मुठीएवढी, वरून काळी, आणि तिच्यातून सुटलेलं तेल नळीच्या तळाशी गोठून पांढरं साचलेलं. त्या पांढऱ्यात एक मुंगी. ती आत कधी गेली कुणास ठाऊक. पाय पसरलेले, पूर्ण, न भाजलेली.

"म्याडम," कचरू हळूच म्हणाला, "हे पान्यात सोडाया लागतंय."

"तुमी सोडा, नाही तर शेजारच्या म्हशीला घाला."

मी आरसा आत घातला. तेल नळीच्या तोंडाशी थांबलं होतं. जवळच्या काही फरशांनी प्यायलं होतं, बाकीच्या कोरड्या होत्या. मी पुन्हा पुन्हा बघितलं. बाकीच्या कोरड्या होत्या. प्यायलेल्या फरशा काढून सावकाश भाजल्या तर चालणार होत्या, कारण त्यांच्यावर काहीही पेटलेलं नव्हतं. मी जमिनीवर बसले. चारी बाजूंनी खोबऱ्याचा वास. कॅन्टीनकडून मांड्यांचा. दोन्ही मिसळलेले.

नंतर

समितीनं पुढची तारीख दिली. व्हॅक्यूम विभागाच्या हलगर्जीमुळं चाचणी होऊ शकली नाही, असं संस्थेनं लिहून दिलं. मी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर त्याच तोंडांशी बोलावं लागलं असतं.

फरशा साफ करेपर्यंत मला राहू दिलं. दुसरं कुणी ते करणार नव्हतं. केल्या, बसवल्या, चेंबर मिटवलं, भाजलं. आकडा खाली आला, मला हवा होता त्याच्याही खाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला भांडाराचं काम दिलं. नटबोल्ट, फडकी, अल्कोहोल.

फेब्रुवारीत प्लाझ्मा पेटला. भांडाराच्या खिडकीतून शेडचा पत्रा दिसतो, तेवढंच. टाळ्या ऐकू आल्या. नंतर मी तो आलेख मागवून बघितला. रेघ स्वच्छ होती. तेलाचं नाव नाही. मला हवं होतं ते मिळालं, हे मी स्वतःला सांगते, आणि ते खरं आहे.

दुपारी प्रियदर्शनी भांडारात आली. हातात द्रोण.

"निवे, प्रसाद."

द्रोणात तपकिरी गहू, गूळ घालून.

"कुठले हे?"

"तेच. कचरूभाऊनं पान्यात सोडले न्हाईत. वहिनींनी धुऊन, वाळवून ठेवल्ते. सर म्हणले, आज वाटा." ती माझ्याशेजारी खोक्यावर बसली. डोळे खरंच भरले होते तिचे. "तुला अजून राग हाय. पन बघ ना. वटी नसती तर आकडा अडकला नसता. तो अडकला म्हणून तू शोधत राह्यलीस. शोधत राह्यलीस म्हणून एकेक जोड आवळून निघाला. येवढं पक्कं चेंबर देशात दुसरं न्हाई, असं त्या दिल्लीच्या बाई म्हणल्या. सगळे हेच म्हणून राह्यले. वटीनंच राखलं."

"सगळे?"

"सर पण."

बाहेर सगळे उभे होते, द्रोण घेऊन. चावत होते. गहू कडक असणार, कडकड आवाज येत होता. मुकुंद सर मधोमध, डोळे मिटून, तळहात तोंडाशी नेऊन. खण धुऊन, इस्त्री करून, काचेच्या चौकटीत घालून नियंत्रण कक्षात टांगला होता. संध्याकाळी घरी जाताना मी तो बघितला. काठावरची उरलेली जर चमकत होती.

"घे," प्रियदर्शनी म्हणाली. "प्रसादाला न्हाई म्हणू नये."

तिनं एक दाणा उचलून माझ्या ओठांपाशी आणला, जसा लहान पोराला भरवतात. मी मागं सरकले. तिनं हात तसाच धरला. मी उठून मोरीशी गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं काढलं. मागून ती माझी पाठ चोळत होती.

"पित्त झालंय तुला," म्हणत होती. "उपाशी राहतेस ना."

कचरूनं नंतर सांगितलं : खंडेनवमीला ओटी आत ठेवताना प्रियदर्शनीनं, मी वर्गात शिकवलं होतं तसे, बिनपावडरचे स्वच्छ हातमोजे घातले होते.